लॅमिनेट केलेली पाच वर्षं

ठाण्याच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि त्यातली शेवटची चौदा वर्षं पीएचडीची गाइड होते. शिकवणं म्हणजे काय ते लोकांना कळतं. लग्नाकार्यात भेटणारे विचारतात, "अजून बेडूक कापता का?" बेडूक कापणं केव्हाच बंद झालं, पण ही बातमी मंगल कार्यालयांपर्यंत पोचलेली नाही. गाइड म्हणजे काय, हे मात्र कोणी विचारत नाही. लेण्यांपुढे छत्री घेऊन उभा असलेला माणूस कोणाच्या डोळ्यांसमोर आला असेल, तर तो फार चुकलेला नाही. तोही दुसऱ्याने कोरलेलं दाखवूनच मान मिळवतो.

काम साधारण असं असतं. विद्यार्थी तुमच्या नावावर नोंदणी करतो. तो लिहून आणतो, तुम्ही खोडता. तो पुन्हा आणतो, तुम्ही आधी खोडलेलंच परत घालायला सांगता. दर सहा महिन्यांनी तीन जणांची समिती बसते, बिस्किटं खाते आणि "प्रगती समाधानकारक" असं लिहून उठते. "समाधानकारक" हा आमच्या धंद्यातला मिठासारखा शब्द आहे. कशातही घालावा, बिघडत काही नाही.

शेवटी प्रबंध बाहेरगावच्या परीक्षकाकडे जातो, तो तोंडी परीक्षेला येतो, आणि नावामागे डॉ. लागतं. त्यानंतर काय, हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही. कॉलेजात कायमची नोकरी हवी तर आधी नेट किंवा सेट ही परीक्षा तरी पास व्हावी लागते, नाहीतर पीएचडी. शिवाय जाहिरात यावी लागते, आणि ती कधी येईल हे जाहिरात काढणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. तोवर तासिका तत्त्वावर शिकवायचं. म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी पडली तर सुट्टी. आणि मे महिना हा सरकारच्या लेखी पोट नसलेला महिना.

माझी स्वतःची पीएचडी झुरळांवर झाली आणि तिला नऊ वर्षं लागली. झुरळं कमी नव्हती, नियोजन नव्हतं. माझे गाइड सज्जन होते. कधीही गेलं की म्हणायचे, "होईल, होईल." त्या नऊ वर्षांत माझं लग्न झालं, मुलगी शाळेत जायला लागली आणि माझ्या मागून आलेली दोन माणसं विभागप्रमुख झाली. तेव्हाच ठरवलं, आपल्या विद्यार्थ्यांचं असं होऊ द्यायचं नाही.

म्हणून चार्ट आला. नोंदणीच्या दिवशी मी विद्यार्थ्यापुढे मोठा कागद ठेवायची. त्यावर पाच वर्षांचे साठ चौकोन. भरायचे ते मागून पुढे. सगळ्यात शेवटच्या चौकोनात आयुष्यात काय हवंय ते लिहायचं आणि तिथून उलटं चालत आजच्या तारखेपर्यंत यायचं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून तो चार्ट मी लॅमिनेट करून आणायची आणि लॅबच्या भिंतीवर लावायची. विभागात माझी थोडी चेष्टा व्हायची. मी तिकडे लक्ष देत नसे. चेष्टा करणाऱ्यांच्या विद्यार्थ्यांना सात-सात वर्षं लागत होती.

चार्टमुळे माणूस कळतो. डोंबिवलीचे एक बँक अधिकारी माझ्याकडे आले, वय एक्कावन्न. त्यांना सोसायट्यांमधल्या कबुतरांवर पीएचडी करायची होती. शेवटच्या चौकोनात त्यांनी लिहिलं, "मुलीचं लग्न". मी म्हटलं, हे नको, तुमचं ध्येय लिहा. म्हणाले, "मॅडम, तेच ध्येय आहे. पत्रिकेत आमच्या नावामागे डॉक्टर पाहिजे. व्याही डॉक्टर आहेत." दीड वर्ष कबुतरं मोजल्यावर मुलीने स्वतःच लग्न ठरवलं, तेही दोन महिन्यांत. पत्रिका आली. तिच्यावर छापलं होतं, "डॉ. (नियोजित)". नवीन इमारतीच्या पाटीवर "नियोजित गृहनिर्माण संस्था" लिहितात, तसं. लग्नानंतर ते परत आले नाहीत. व्याही जनावरांचे डॉक्टर निघाले, असं नंतर कळलं.

कल्याणचा सचिन कांबळे याच्या उलट. चाळीतल्या खोलीत पाच भावंडांत वाढलेला, घरातला पहिला एमएस्सी, हुशार. पाऊण तास चार्टपुढे बसला आणि शेवटचा चौकोन कोरा ठेवून म्हणाला, "मॅडम, खोटं कशाला लिहू? घरी मीच मोठा आहे. पाच वर्षं थांबायला मला कोण देणार?" आठ महिन्यांनी तो वागळे इस्टेटमधल्या एका औषध कंपनीत क्वालिटी विभागात लागला. मी त्याला बरंच सुनावलं. आज त्याची चारही भावंडं पदवीधर आहेत, आणि दरवर्षी बाबासाहेबांच्या जयंतीला तो मला न चुकता फोन करतो. माझ्या हाताखालच्यांत करिअरचं नियोजन ज्याला खरंच जमलं तो हा, आणि त्याचा चार्ट मी रद्दीत घातला होता.

आता नीलिमाचं सांगते. हे लिहायला घेतलं ते खरं तिच्यासाठीच. वरचं सगळं म्हणजे नमनाला घडाभर तेल होतं.

नीलिमा कोळी ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. वडील होडी घेऊन खाडीत जायचे, आई बाजारात मासळी विकायची. मुलगी एमएस्सीला पहिल्या वर्गात आली होती. सेट दोनदा थोडक्यात हुकली होती, म्हणून पीएचडी हाच तिचा रस्ता होता. चार्टच्या शेवटच्या चौकोनात तिने क्षणाचाही विचार न करता लिहिलं, "सहायक प्राध्यापक (कायम)". कंस तिचाच. वळणदार अक्षर, कायमच्या खाली रेघ.

विषय मी दिला, खाडीतल्या निवट्या. निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारणारा एक मासा. ओहोटीला बिळातून बाहेर येतो आणि चिखलात असा हिंडतो की पाण्याशी आपला काही संबंधच नाही. वर्षाच्या कुठल्या महिन्यात त्या किती दिसतात हे मोजायचं. पद्धत सोपी. खोपटच्या दुकानातून प्लंबिंगचा पाइप आणून एक मीटरची चौकट बनवायची, ती चिखलावर टाकायची, आत किती निवट्या आहेत ते लिहायचं. असं एका दिवसात वीस वेळा. कोर्सवर्क आणि विषयाची मंजुरी यांत पहिली दोन वर्षं गेली, मग मोजणी सुरू झाली.

दिवस कोणता, ते मी ठरवलं. दर महिन्याचा पहिला रविवार. माझी लेक्चर्स नसायची, कॉलेजची व्हॅन मोकळी असायची, आणि चार्टवर तो चौकोन फार छान दिसायचा. त्या दिवशीची ओहोटीची वेळ मी तक्त्यात बघून ठेवायची. मी निष्काळजी नव्हते, हे इथे नोंदवून ठेवते.

मोजणीच्या तिसऱ्या महिन्यात नीलिमा चाचरत म्हणाली, "मॅडम, या रविवारी अष्टमी आहे."

"बरं मग?"

"नाही म्हणजे... अवसेनंतर दोन-तीन दिवसांनी गेलो तर चालेल का?"

मी चष्मा काढला. चष्मा काढला की विद्यार्थी घाबरतात, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, "नीलिमा, आपण सायन्सवाले. अष्टमी, अमावास्या हे आपण नाही बघायचं. आपणच असं करायला लागलो तर बाकीच्यांना काय सांगणार?"

"सॉरी मॅडम," ती म्हणाली.

त्या दिवशी मी घरी जाऊन यजमानांना हा प्रसंग अभिमानाने सांगितला. वैज्ञानिक दृष्टिकोन कसा रुजवावा लागतो, याचं उदाहरण म्हणून.

तेरा महिने पहिले रविवार झाले. आलेख इतका देखणा आला की मी त्याचा मोठा प्रिंट काढून लॅबमध्ये लावला. कुठे निवट्यांची संख्या एकदम चढलेली, कुठे पार खाली. मी त्याला हिवाळ्यातलं प्रजनन, उन्हाळ्यातलं स्थलांतर अशी नावंही देऊन टाकली होती. एका परिसंवादात नीलिमाने तो मांडला, तिला बक्षीस मिळालं. समितीने बिस्किटं खाऊन समाधानकारक लिहिलं.

मग एक दिवस नीलिमाची आई लॅबमध्ये आली. मुलगी डबा विसरली होती. उंच, काटक बाई, डोक्यात अबोलीची वेणी, हातात कापडी पिशवी. मी त्यांना बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत, आलेखापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"ह्या काय हाय, मॅडम?"

मी समजावून सांगितलं. खाली महिने, उभ्या रेघेवर निवट्या. इथे वाढल्या, इथे कमी झाल्या. बाईंनी एकेका महिन्याच्या टिंबावर बोट ठेवलं आणि खालची तारीख लेकीला वाचायला लावली. मग बोटांवर काहीतरी मोजलं.

"यो उधान," त्या एका शिखरावर बोट ठेवून म्हणाल्या. "न यो भांग. ह्या परत उधान. यो भांग."

"म्हणजे?"

"अवस-पुनवेला उधान. पानी लय चढतंय न लय उतरतंय, पार लांबवर चिखल उघरा परतंय. आठमीला भांग. पानी उतरतच नाय धर. चिखल दिसला नाय तं निवटी दिसल कशी? निवट्या कमी नाय झाल्या, मॅडम. तुमीच चुकीचे दिसाला गेल्यांव."

मी भरती-ओहोटीचा तक्ता काढला. इतके दिवस मी त्यात फक्त ओहोटीची वेळ बघत होते. पाणी किती खाली जातं, तो रकाना त्याच्याच शेजारी होता. तेराही रविवार तपासले. बाई तेरापैकी तेरा बरोबर होत्या. वर्षभर आम्ही निवट्या मोजल्याच नव्हत्या, चंद्र मोजला होता. आणि तो आधीच कोणीतरी मोजून पंचांगात छापलेला होता.

आई गेल्यावर मी नीलिमाला विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

ती खाली बघत होती. "लहानपणापासून माहितीय मॅडम. आमच्याकडे कोणालाही विचारा."

"मग बोलली का नाहीस?"

"एकदा बोललेली ना. तुम्ही म्हणालात, आपण हे नाही बघायचं." मग म्हणाली, "आणि तुम्ही चार्ट लॅमिनेट पण केलेलात."

मला त्या क्षणी फार लाज वाटली. आजही वाटते. झुरळांना भरती-ओहोटी नसते, हे काही कारण होत नाही.

सगळं पहिल्यापासून करावं लागलं. या वेळी तारखा नीलिमाच्या आईने दिल्या. अवसेनंतरची दुसरी तिथी, दर महिन्याला तीच, म्हणजे पाणी दर वेळी सारखंच उतरलेलं. मी विभागात पंचांग आणून ठेवलं. सहकारी विचारायचे, "काय मॅडम, पीएचडीला मुहूर्त बघताय?" मी हो म्हणायची. व्हॅन मिळेना, तेव्हा आम्ही रिक्षाने जायचो. चौकट रिक्षाच्या बाहेर धरून.

या दुसऱ्या मोजणीच्या मधोमध जाहिरात आली. जिल्ह्यातल्या एका चांगल्या कॉलेजात प्राणिशास्त्राची एक जागा, कायम. मी शेवटची तारीख वाचली आणि भिंतीवरच्या चार्टकडे बघितलं. चार्टप्रमाणे त्या महिन्यात नीलिमाची पदवी हातात असायला हवी होती. तिच्या हातात गमबूट होते. सेट नाही, पीएचडी नाही, म्हणजे अर्जच करता येत नाही. जाहिरातीचं कात्रण तिने माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाली, "पुढची येईल ना मॅडम?"

मी म्हटलं, "येईल, येईल." माझ्या गाइडचाच आवाज माझ्या तोंडून आला.

त्या जागेवर दुसऱ्या विद्यापीठातला एक मुलगा लागला. चांगला मुलगा आहे, भेटतो कधी कधी. त्यानंतर त्या विषयाची जाहिरात माझ्या निवृत्तीपर्यंत आली नाही.

प्रबंध उत्तम झाला. आता खऱ्या निवट्या मोजल्या होत्या. शेवटी ऋणनिर्देशाचं पान माझ्याकडे तपासायला आलं. या पानालाही रीत आहे. आधी गाइड, मग प्राचार्य, मग विभाग, लॅबचे कर्मचारी आणि तळाशी आई-वडील, नैतिक पाठबळासाठी. नीलिमाने लिहिलं होतं, "या संशोधनातील नमुना घेण्याचे दिवस माझ्या आईने ठरवले." मी ते खोडलं. परीक्षक काय म्हणतील, असं वाटलं. वर लिहिलं, "आईच्या नैतिक पाठबळाबद्दल." नीलिमाने तसंच टाइप करून आणलं.

तोंडी परीक्षा खुली असते. कोणीही येऊन बसू शकतं, म्हणून कोणी येत नाही. त्या दिवशी मात्र पहिल्या रांगेत नीलिमाचे आई-वडील होते. वडील इस्त्रीच्या शर्टात, आई मांडीवर स्टीलचा डबा घेऊन. परीक्षकांच्या जेवणाची सोय उमेदवार करतो, हीसुद्धा रीतच. इतर उमेदवार हॉटेलातून थाळ्या मागवतात. इथे तळलेल्या निवट्या आल्या होत्या. बाहेरगावचे परीक्षक सर पुढे त्या चवीने खाणार होते आणि प्रबंधाचा विषय इतका जवळून कधी तपासला नव्हता, असं म्हणणार होते.

नीलिमा छान बोलली. सरांनी चार-पाच प्रश्न विचारले, सगळ्यांची उत्तरं आली. मग ते माझ्याकडे वळले. "या प्रबंधाचं बलस्थान म्हणजे नमुना घेण्याचं तिथीवरचं वेळापत्रक. फार कमी लोकांना हे सुचतं. याचं श्रेय मार्गदर्शकांच्या दृष्टीला द्यायला हवं."

समोर पहिल्या रांगेत बाई बसल्या होत्या. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हटलं, "थँक यू, सर."

मग अध्यक्षांनी नेहमीचं विचारलं, "उपस्थितांपैकी कोणाला काही प्रश्न?" हा प्रश्न उत्तराची अपेक्षा न ठेवता विचारायचा असतो. अध्यक्ष कागद आवरायलाही लागले होते. नीलिमाच्या आईने हात वर केला. डबा नवऱ्याकडे दिला आणि उभ्या राहिल्या.

"सगला बेस झाला," त्या म्हणाल्या. "पोरीन मेहनत केली, तुमी सगल्यांनी केली. आता हिला कायमची नोकरी कवा लागल, ता सांगा."

परीक्षकांनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी माझ्याकडे. मी नीलिमाकडे बघितलं. ती व्यासपीठावर तशीच उभी होती, हातात पॉइंटर, आणि पॉइंटरचा लाल ठिपका छतावर हलत होता. पाच वर्षांत तिला ज्याचं उत्तर येत नव्हतं असा हा पहिलाच प्रश्न.

"आई, ते... बघू," ती म्हणाली.

"बरा," आई म्हणाल्या आणि बसल्या.

जेवणाआधी अहवालावर सह्या झाल्या. अहवाल छापील असतो, फक्त नाव आणि तारीख भरायची. त्यात एक ओळ आहे, "उपस्थितांनी विचारलेल्या प्रश्नांना उमेदवाराने समाधानकारक उत्तरे दिली." तिघांनी सह्या केल्या. तिसरी माझी.

नीलिमा आता डॉ. नीलिमा आहे. सकाळी डोंबिवलीच्या एका कॉलेजात तास घेते, दुपारी दुसऱ्या कॉलेजात, दोन्हीकडे तासिका तत्त्वावर. वेळापत्रक जुळवण्यात ती आता माझ्यापेक्षा तरबेज आहे. मुलांना खाडीवर नेते, आणि ती मुलं तिथी पाठ सांगतात. मला भेटली की पाया पडते. तिने नाही पडलं तर मला बरं वाटेल, पण तसं सांगणार कसं?

निवृत्त होताना मी लॅब रिकामी केली. तिचा चार्ट काढला, तेव्हा तिची आई तिथे होती, लेकीचं राहिलेलं सामान न्यायला आलेली. म्हणाल्या, "फेकू नका, मॅडम. पलास्टिक हाय, कामा येल." आणि सुरळी करून घेऊन गेल्या.

मी माजिवड्याला राहते, तरी मासळी आणायला दर रविवारी त्यांच्याच बाजारात जाते. बाईंनी तो चार्ट फळीवर अंथरलाय. पाणी लागत नाही, धुतला की स्वच्छ. त्यावर मांदेलीचे वाटे लावलेले असतात, नेमाने रांगेत, चौकोनाला एक. त्या मला नेहमी जास्तीची चार मांदेली घालतात. तो प्रश्न त्यांनी मला परत कधी विचारला नाही.

उशिरा गेलं की बरेचसे वाटे उचललेले असतात, आणि उजवीकडच्या कोपऱ्यातलं वळणदार अक्षर, कायमच्या खालची रेघ, सगळं स्पष्ट वाचता येतं. म्हणून मी लवकर जाते.